पायथनचं ॲप दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चालवायचंय? एक्सइपासून इन्स्टॉलरपर्यंत सगळं

तुम्ही पायथनमध्ये काहीतरी कामाचं लिहिलंय, तुमच्या लॅपटॉपवर ते झकास चालतंय, आणि आता ते अशा माणसाला द्यायचंय ज्याला पायथन म्हणजे काय हे माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही. इथपर्यंत सगळेच येतात. मग नेटवर एका ओळीची कमांड सापडते, ती मारली की एक्सइ (डबल क्लिकने चालणारी विंडोजची प्रोग्रॅम फाइल) तयार होते, आपण खूश, आणि समोरच्याकडे गेल्यावर एकतर अँटीव्हायरस ती गिळून टाकतो नाहीतर कमांडची काळी खिडकी लुकलुकते आणि बंद होते. मी सोसायटीच्या मेंटेनन्सची बिलं काढायचं एक छोटं ॲप केलंय, टिकिंटरची (पायथनसोबत येणारी, खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) खिडकी, सभासदांची यादी एक्सेलमधून, आणि शेवटी मराठीत पीडीएफ. ते वेगवेगळ्या सोसायट्यांच्या सेक्रेटरी काकांच्या कॉम्प्युटरवर बसवताना जे जे कळलं ते क्रमाने लिहितोय. सगळं विंडोजचं आहे, कारण आपल्याकडे ऑफिसात दुकानात तेच असतं. मॅक-लिनक्सचं शेवटी थोडं.

एक आधीच सांगून ठेवतो. "एकच फाइल पाहिजे, डबल क्लिक केली की चालली पाहिजे" हा हट्ट सोडून द्या. निम्मा त्रास त्या हट्टाचाच असतो, का ते चौथ्या पायरीत येईल.

(कमांडा इथे बोलतो तशा लिहिल्यात, टाईप करताना अर्थातच इंग्रजीत करायच्या.)

काय काय लागेल

- पायथन, अधिकृत साइटवरून घेतलेलं. ॲनाकोंडा (बऱ्याच लायब्रऱ्या आधीच भरलेलं पायथन) या कामाला नको, कारण खाली आहे
- पायइन्स्टॉलर, पायथनच्या कोडची एक्सइ बनवणारा प्रोग्रॅम, फुकट आहे, आणि त्याच्या लायसन्समध्ये खास सूट आहे त्यामुळे तुमचं ॲप विकायचं असलं तरी अडचण नाही
- इनो सेटअप, इन्स्टॉलर बनवायला
- आयको फॉरमॅटमधला आयकॉन. पीएनजीचं नुसतं नाव बदलून चालत नाही
- वाटायला परवानगी असलेला देवनागरी फॉन्ट
- पायथन नसलेला दुसरा विंडोज कॉम्प्युटर. यावाचून सुरुवातच करू नका

१. आधी समोरच्याचा कॉम्प्युटर बघा

कोड उघडायच्या आधी त्या माणसाला फोन करा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबायचं, विनव्हर टाईप करायचं, एंटर, आणि जी खिडकी येईल तिचा मोबाइलने फोटो काढून पाठवायचा. एवढं कोणालाही जमतं. त्यासोबत सिस्टिम ३२ बिट आहे की ६४ तेही विचारून घ्या, सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट.

हे आधी विचारायचं कारण असं की पायइन्स्टॉलर तुमच्या कोडसोबत तुमचंच पायथन बांधून देतो, पाहुण्याने स्वतःची गादी-उशी घेऊन यावी तसं. त्यामुळे ज्या पायथनवर बिल्ड केलं (म्हणजे एक्सइ बनवली) त्याच्या अटी तिकडे लागू होतात. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथन ३.८, त्यानंतरचं कुठलंच तिथे चालत नाही. ३.१३ पासून तर विंडोज १० च्या खालचं काहीच चालत नाही. आणि ६४ बिटच्या पायथनवर बनवलेली एक्सइ ३२ बिटच्या विंडोजवर उघडतच नाही. जुन्या सोसायटीच्या ऑफिसात विंडोज ७ चा डबा अजून सापडतो, तेव्हा "आजकाल कोण वापरतं" असं गृहीत धरू नका.

अजून एक विचारा, ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे आहे का? बऱ्याचदा तो कॉम्प्युटर बसवणाऱ्या मुलाकडे असतो आणि तो मुलगा आता फोन उचलत नाही. यावर उपाय आहे, सातव्या पायरीत.

२. कोडमधले पाथ सुधारा

पॅकेजिंगचे म्हणून जे एरर येतात त्यातले बरेचसे खरं तर पाथचे, म्हणजे फाइलच्या पत्त्याचे असतात. तुमच्या ॲपच्या फाइल्स दोन जातीच्या आहेत हे डोक्यात पक्कं बसवा.

पहिली जात ॲपसोबत येणारी, म्हणजे लोगो, फॉन्ट, बिलाचा साचा. या फक्त वाचायच्या असतात. त्यांचा पाथ नेहमी त्या पायथन फाइलच्या जागेवरून काढायचा, म्हणजे डबल-अंडरस्कोर-फाइल वापरून. नुसतं "लोगो डॉट पीएनजी" लिहिलं तर पायथन ती चालू फोल्डरमध्ये शोधतं, आणि डेस्कटॉपच्या शॉर्टकटवरून ॲप उघडलं की चालू फोल्डर कुठला असेल याचा काही भरवसा नाही.

दुसरी जात वापरणाऱ्याचा डेटा, म्हणजे डेटाबेस, सेटिंग्ज, बनलेली बिलं. हे ॲपच्या फोल्डरमध्ये कधीही लिहू नका. प्रोग्रॅम फाइल्समध्ये साध्या युजरला लिहायची परवानगी नसते, तुमच्या लॅपटॉपवर तुम्ही व्हीएस कोडमधून स्वतःच्या फोल्डरमध्ये चालवत असता म्हणून ते कळत नाही. डेटा ॲपडेटामध्ये ठेवा, प्लॅटफॉर्मडिर्स नावाची छोटी लायब्ररी योग्य फोल्डर शोधून देते. तयार बिलं मात्र डॉक्युमेंट्समध्ये टाका, कारण ॲपडेटा हे लपवलेलं फोल्डर आहे आणि काकांना ते आयुष्यात सापडणार नाही.

तिसरी भानगड खास आपली, मराठी अक्षरांची. विंडोजवर ओपन वापरताना एन्कोडिंग दिलं नाही तर पायथन सिस्टिमचं जुनं एन्कोडिंग धरतं आणि "श्री. पाटील" लिहायला गेलं की एरर. प्रत्येक ओपनमध्ये यूटीएफ-८ लिहा, एकही सोडू नका. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडणार असेल तर यूटीएफ-८-सिग द्या, नाहीतर एक्सेलमध्ये सगळी नावं चिन्हांचा काला होऊन दिसतात.

३. कोरं एन्व्हायर्न्मेंट

नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (पायथनची वेगळी, कोरी जागा) बनवा आणि त्यात फक्त ॲपला लागतं तेवढंच इन्स्टॉल करा, मग पायइन्स्टॉलर. तुमच्या रोजच्या पायथनमधून बिल्ड केलं तर जिथे तिथे ऐच्छिक म्हणून इम्पोर्ट होणाऱ्या लायब्रऱ्या पण आत शिरतात आणि साईज फुगते. ॲनाकोंडा नको म्हटलं ते यासाठीच, त्यातला नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) बरोबर भल्यामोठ्या डीएलएल फाइल्स घेऊन येतो.

याच वेळी एकदा स्वतःला विचारा की पांडाज (डेटा हाताळायची मोठी लायब्ररी) खरंच लागतंय का. फक्त एक्सेलच्या ओळी वाचायच्या असतील तर ओपनपायएक्सेल पुरतं, आणि इन्स्टॉलर कितीतरी हलका होतो. माझं मत विचाराल तर छोट्या ॲपमध्ये पांडाज म्हणजे आळस आहे.

खिडकीसाठी टिकिंटरऐवजी क्यूटी (पायक्यूटी किंवा पायसाइड या लायब्रऱ्यांतून) वापरत असाल तर लायसन्स बघून घ्या. पायक्यूटी जीपीएलखाली आहे, कोड बंद ठेवून विकायचं असेल तर पैसे भरून लायसन्स घ्यावं लागतं. पायसाइड एलजीपीएलखाली आहे, तिथे त्यामानाने मोकळीक आहे.

४. पहिला बिल्ड, काळी खिडकी चालू ठेवून

आता कमांड: पायइन्स्टॉलर, पुढे डॅश-डॅश-नेम आणि ॲपचं नाव, आणि शेवटी तुमची मुख्य फाइल. बाकी काही देऊ नका. काळी खिडकी लपवायचा ऑप्शन डॅश-डॅश-विंडोड आहे, पण तो शेवटी. आत्ता एरर दिसायला ती खिडकी हवीच.

असं केलं की डिस्ट फोल्डरमध्ये एक फोल्डर मिळतं, आत एक्सइ आणि इंटर्नल नावाचं फोल्डर (२०२३ साली आलेल्या ६.० आवृत्तीपासून अशी मांडणी आहे, त्याआधी सगळ्या फाइल्स एक्सइच्या शेजारीच पसरलेल्या असायच्या). याला वनडिर म्हणतात. दुसरा प्रकार वनफाइल, म्हणजे सगळं एका एक्सइमध्ये. दिसायला तोच भारी वाटतो. पण आत काय होतं बघा, दरवेळी ॲप उघडलं की ती एक्सइ आधी स्वतःला टेम्प फोल्डरमध्ये पूर्ण सोडवते आणि मग चालू होते, बंद झाली की ते फोल्डर पुसते. म्हणून उघडायला वेळ लागतो, जुन्या हार्डडिस्कवर तर काका दोनतीनदा डबल क्लिक करतात आणि मग तीन खिडक्या उघडतात. ॲप अर्ध्यात मारलं गेलं तर टेम्पमध्ये फोल्डरं साचत जातात. आणि स्वतःला टेम्पमध्ये सोडवून चालणारी एक्सइ ही नेमकी व्हायरसची चाल असल्यामुळे अँटीव्हायरस जास्त संशय घेतो. शेवटी इन्स्टॉलर एकच फाइल असणारच आहे, मग आत फोल्डर असलं तर बिघडलं कुठे. वनडिरच ठेवा.

बिल्ड झाल्यावर एक्सइ कमांड प्रॉम्प्टमधून चालवा, डबल क्लिकने नाही, म्हणजे एरर वाचता येईल. नेहमीचे तीन प्रकार:

"मॉड्यूल सापडलं नाही". पायइन्स्टॉलर कोड वाचून इम्पोर्ट शोधतो, पण नाव स्ट्रिंगमध्ये बनवून केलेले इम्पोर्ट त्याला दिसत नाहीत. ते डॅश-डॅश-हिडन-इम्पोर्टने हाताने सांगा. बिल्ड फोल्डरमध्ये वॉर्नने सुरू होणारी एक टेक्स्ट फाइल असते, काय सापडलं नाही त्याची यादी तिच्यात मिळते, फक्त ती बघून घाबरू नका, त्यातली बरीच नावं लिनक्स-मॅकची असतात.

"फाइल सापडली नाही". लोगो, फॉन्ट वगैरे आपोआप आत येत नाहीत, ॲड-डेटाने द्यावे लागतात.

ॲप स्वतःच्याच खिडक्या उघडत सुटतं. मल्टिप्रोसेसिंग वापरताय आणि मुख्य भागात फ्रीझ-सपोर्टची ओळ नाही. टास्क मॅनेजर तयार ठेवा.

पहिल्या बिल्डनंतर स्पेक फाइल, म्हणजे बिल्डच्या सगळ्या सेटिंग्जची फाइल, तयार होते. यापुढचे बदल तिच्यातच करा आणि पायइन्स्टॉलरला स्पेक फाइलच द्या. परत पायथन फाइल दिलीत तर स्पेक नव्याने लिहिली जाते आणि तुम्ही घातलेलं सगळं जातं.

सगळं सुरळीत झालं की काळी खिडकी लपवा (आता स्पेक फाइलमध्येच, कन्सोलपुढे फॉल्स लिहून), आणि लगेच सगळं परत तपासा, कारण खिडकी गेली की स्टँडर्ड आउटपुटच उरत नाही, त्याच्या जागी नन असतं. साधा प्रिंट गप्प बसतो, पण प्रोग्रेस बार दाखवणाऱ्या किंवा थेट तिथे लिहिणाऱ्या लायब्रऱ्या धाडकन पडतात. आता एरर दिसणारही नाही, म्हणून लॉग फाइल हवी. सिस मॉड्यूलचा एक्सेप्टहुक बदलून एरर फाइलमध्ये लिहा आणि "काहीतरी चुकलं, ही फाइल पाठवा" असा मेसेज दाखवा. टिकिंटरवाल्यांसाठी खास, बटण दाबल्यावर होणारे एरर त्या हुकपर्यंत पोचतच नाहीत, टिकिंटर ते मधेच स्वतः हाताळतं. त्यासाठी खिडकीचं रिपोर्ट-कॉलबॅक-एक्सेप्शन वेगळं बदलावं लागतं. हे केलं नाही तर फोनवर "बटण दाबलं, काही झालं नाही" याच्यापुढे माहिती मिळत नाही.

५. मराठी पीडीएफ आणि फॉन्ट

मंगल आणि निर्मला हे फॉन्ट मायक्रोसॉफ्टचे आहेत, विंडोजवर असतील तर वापरा, पण फाइल उचलून स्वतःच्या इन्स्टॉलरमध्ये टाकू नका. नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्यांचा "मुक्त" हा फॉन्ट घ्या, दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, ॲपसोबत देता येतात, फक्त लायसन्सची टेक्स्ट फाइल शेजारी ठेवायची.

पण नुसता फॉन्ट देऊन भागत नाही. शेपिंग, म्हणजे वेलांट्या-जोडाक्षरांची नीट जुळणी, न करणाऱ्या लायब्ररीतून पीडीएफ काढली की "देखभाल निधी" मधली पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते आणि "क्ष", "त्र" यांचे पाय मोडलेले दिसतात. एफपीडीएफ-२ मध्ये टेक्स्ट शेपिंग चालू करायची सोय आहे, त्यासाठी यू-हार्फबझ वेगळं इन्स्टॉल करावं लागतं. त्याहून सोपा मार्ग म्हणजे बिल एचटीएमएलमध्ये बनवा आणि ब्राउझरमध्ये उघडून प्रिंट करायला सांगा, जोडाक्षरं ब्राउझर बरोबर काढतो.

६. कोऱ्या मशीनवर टेस्ट

तुमच्या लॅपटॉपवर एक्सइ चालली याला काही अर्थ नाही, तिथे सगळं आधीच आहे. विंडोज प्रो असेल तर विंडोज सँडबॉक्स चालू करा, दरवेळी कोरं विंडोज मिळतं. होम आवृत्तीत ते नाही, मग व्हर्च्युअल मशीन किंवा घरातल्या कोणाचा तरी लॅपटॉप.

तिथे हे नक्की करून बघा: इंटरनेट बंद करून, साध्या म्हणजे ॲडमिन नसलेल्या युजरवरून, आणि एकदा युजरचं नाव मराठीत ठेवून. हे शेवटचं कोणी करत नाही. "प्रकाश" नावाचा युजर बनवला की त्याचा सगळा पाथ देवनागरीतून जातो, आणि काही लायब्रऱ्यांना ते झेपत नाही. ओपनसीव्ही या फोटो हाताळायच्या लायब्ररीचं इमरीड विंडोजवर अशा पाथवरून फोटो वाचतच नाही, आणि एररसुद्धा देत नाही, नुसतं रिकामं परत करतं.

७. इन्स्टॉलर बनवा

फोल्डर झिप करून पाठवू नका. लोक झिप न सोडवता आतल्याच एक्सइवर डबल क्लिक करतात, विंडोज फक्त तेवढी एक फाइल बाहेर काढतं, आणि "पायथन डीएलएल लोड होत नाही" असा मेसेज येतो. किंवा एक्सइ एकटी उचलून डेस्कटॉपवर ठेवतात, निकाल तोच.

इनो सेटअपचा विझार्ड पहिली स्क्रिप्ट लिहून देतो, त्यात एवढं बघा:

- प्रिव्हिलेजेस-रिक्वायर्ड ही ओळ लोएस्ट करा आणि फोल्डरसाठी ऑटो-पीएफ वापरा. मग ॲप युजरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसतं, ॲडमिन पासवर्ड लागतच नाही
- फाइल्सच्या ओळीत रिकर्स-सबडिर्स हवंच, नाहीतर इंटर्नल फोल्डर राहून जातं
- ॲपआयडी एकदाच बनवा आणि आयुष्यभर तोच ठेवा. बदललात तर विंडोज त्याला वेगळंच ॲप समजतं आणि यादीत दोन दोन दिसतात
- इन्स्टॉल-डिलीटमध्ये जुनं इंटर्नल फोल्डर पुसायची ओळ घाला. इनो वरून नव्या फाइल्स टाकतो पण नको असलेल्या जुन्या काढत नाही, आणि जुन्या लायब्रऱ्यांचे अवशेष नव्यांशी भांडतात
- अनइन्स्टॉल करताना डेटाचं फोल्डर पुसू नका. लोक "परत टाकून बघू" म्हणून अनइन्स्टॉल करतात आणि वर्षभराची बिलं जातात

८. अँटीव्हायरस आणि निळी खिडकी

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक एकच समजतात.

अँटीव्हायरस तुमची फाइल उडवतो कारण पायइन्स्टॉलरचा सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम सगळ्यांचा सारखाच असतो, तुमचाही आणि पायथनमध्ये व्हायरस लिहिणाऱ्याचाही. उपाय: वनडिर, पायइन्स्टॉलरची ताजी आवृत्ती, आणि यूपीएक्स बंद. यूपीएक्स हा फाइल दाबून लहान करणारा प्रोग्रॅम, तुमच्या सिस्टिमवर सापडला तर पायइन्स्टॉलर तो न विचारता वापरतो, त्यामुळे स्पेक फाइलमध्ये यूपीएक्सपुढे फॉल्स लिहाच (स्पेक फाइल देताना डॅश-डॅश-नोयूपीएक्स चालत नाही). एवढ्यानेही भागलं नाही तर तो सुरुवातीचा प्रोग्रॅम सोर्समधून स्वतः कंपाइल करता येतो, थोडं किचकट आहे पण बऱ्याचदा लागू पडतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर चुकीची पकड म्हणून फाइल तपासायला देता येते. व्हायरसटोटलवर टाकून बघायला हरकत नाही, पण आत सभासदांचा खरा डेटा असलेली फाइल टाकू नका, तिथे टाकलेली फाइल इतरांनाही मिळू शकते.

निळी खिडकी म्हणजे स्मार्टस्क्रीन, "विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी". ही व्हायरससाठी नसून अनोळखी फाइलसाठी येते. त्यावर मोअर इन्फो दाबलं की रन एनीवे दिसतं. त्याचा स्क्रीनशॉट बाण काढून इन्स्टॉलरसोबतच पाठवा. तुमच्या पेनड्राइव्हवरून नेलेल्या फाइलला ही खिडकी सहसा येत नाही, कारण नेटवरून उतरल्याची खूण त्या फाइलवर नसते. विंडोज ११ मध्ये स्मार्ट ॲप कंट्रोल चालू असेल तर मात्र रन एनीवेची सोयच नाही.

खरा उपाय कोड सायनिंग सर्टिफिकेट, म्हणजे फाइलवर तुमची डिजिटल सही. ते दरवर्षी पैसे खातं, ओळखीची कागदपत्रं द्यावी लागतात, आणि जून २०२३ पासून त्याची किल्ली हार्डवेअर टोकनवर किंवा तशाच सुरक्षित यंत्रणेत ठेवणं सक्तीचं आहे. ओळखीच्या दहा-वीस लोकांना फुकट देताय तर नको. अनोळखी गिऱ्हाइकांना विकताय तर किमतीत धरा.

९. पाठवायचं कसं

जीमेलने एक्सइ जात नाही, झिपमध्ये घातली तरी नाही, झिपला पासवर्ड लावला तरी नाही. ड्राइव्हची लिंक द्या, किंवा गिटहबचं रिलीज पान, तिथे एका फाइलला २ जीबीपर्यंत मुभा आहे. फाइलच्या नावात आवृत्ती घाला आणि ॲपच्या खिडकीतही ती दिसू द्या, फोनवर पहिला प्रश्न "वर कोपऱ्यात कुठला नंबर दिसतो" हाच असतो.

पाठवायच्या आधी कोडमध्ये पासवर्ड किंवा एपीआय की राहिलीय का बघा. एक्सइ म्हणजे कुलूप नाही, पायइन्स्टॉलरच्या पॅकेजमधून पायथनचा बाइटकोड बाहेर काढायची साधनं फुकट मिळतात, आणि पूर्वी जो एन्क्रिप्शनचा ऑप्शन होता तो ६.० मध्ये काढूनच टाकलाय. कोड खरंच झाकायचा असेल तर न्यूइटका बघा, ते पायथनचं सी करून कंपाइल करतं. बिल्डला वेळ खूप लागतो आणि पासवर्ड त्यातही सुरक्षित नाहीच.

१०. मॅक आणि लिनक्स

विंडोजवर बसून मॅकचं ॲप पायइन्स्टॉलरने बनत नाही, ज्याच्यासाठी बनवायचं त्याच सिस्टिमवर बिल्ड करावं लागतं. मशीन नसेल तर गिटहब ॲक्शन्सवर (गिटहबच्या मशीनवर बिल्ड करायची सोय) विंडोज, मॅक, लिनक्स तिन्ही मिळतात. मॅकवर सही आणि नोटरायझेशन (ॲपलकडून तपासणी) नसेल तर ॲप उघडताना अडवलं जातं, आणि त्यासाठी ॲपलच्या डेव्हलपर प्रोग्रॅमचे वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात. लिनक्सवर जितक्या जुन्या डिस्ट्रोवर (लिनक्सच्या आवृत्तीवर) बिल्ड कराल तितक्या जास्त ठिकाणी चालेल, कारण नव्या ग्लिबसीवर (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) बनवलेलं जुन्यावर उघडत नाही. आणि वापरणारे स्वतःच डेव्हलपर असतील तर यातलं काहीच करू नका, पायपीआयवर (पायथन पॅकेजेसचं सार्वजनिक भांडार) टाका आणि पिपएक्स किंवा यूव्हीने इन्स्टॉल करा म्हणावं.